धूर उतरल्यानंतरचं पाणी

मागच्या रविवारी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाच्याने माझा एक जुना फोटो शोधून टाकला. छातीपर्यंत रबरी विजार चढवलेला मी, मागे नदी, हातात पावणेदोन वीत लांबीचा मासा आणि चेहऱ्यावर सगळे विषय सुटल्यासारखं हसू. भाचा यंदा दहावीला आहे. अभ्यास सोडून असले उद्योग त्याला बरे सुचतात. फोटोखाली त्याने विचारलं, "मामा, हा मासा नंतर कुठे गेला?"

माझ्याआधी ताईनेच उत्तर दिलं. "सोडला त्याने. तिकडे सोडतात." दोन-चार अंगठे आले आणि विषय संपला. माझा मात्र संपला नाही, कारण ते उत्तर ताईला २०१७ साली मीच दिलं होतं आणि ते पुरतं खरं नव्हतं. या सदरात एरवी मी ऑफिस, भाड्याची घरं, बेळगाव-पुणे रात्रीची बस असल्या गोष्टींवर लिहितो. आज त्या माशावर लिहितो.

तेव्हा मी कंपनीच्या कामासाठी सिएटलला होतो. ५ सप्टेंबरच्या सकाळी खाली पार्किंगमध्ये आलो तर गाडीच्या काचेवर पांढरी भुरभुरीत राख. रात्री होळी पेटवल्यावर सकाळी गल्लीभर पसरते ना, तशीच. सूर्य तांबडा, उन्हाला रंग नाही. पूर्वेकडे कॅस्केड पर्वतात जंगलं पेटली होती आणि वाऱ्याने ती राख शहरावर आणून टाकली होती. ऑफिसात सगळे मास्क शोधत होते. आमच्या टीममधला टेस्टर मात्र शांत होता. तो मोंटाना राज्यातल्या मिझूला गावचा. म्हणाला, "आमच्याकडे हे जुलैपासून चालू आहे."

त्याचे वडील नदीवर फिशिंग गाईड. होडीतून लोकांना नेऊन मासे धरायला लावायचे आणि धरलेले मासे परत सोडायला लावायचे, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. (हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मीही तुमच्यासारखाच हसलो होतो.) मी त्यांना मनातल्या मनात काका म्हणायचो, इथेही तसंच म्हणतो. त्या उन्हाळ्यात काकांची ऑगस्टमधली बहुतेक गिऱ्हाइकं गळली होती. धुरात डोंगर दिसेनात, डोळे चुरचुरायचे, शिवाय दुपारी मासेमारी बंद.

दुपारी बंद का, हे सांगायला हवं. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि नेमक्या त्याच वेळी माशाच्या शरीराला तो जास्त लागतो. अशा पाण्यात गळाला लागून झटापट केलेला मासा सोडला तरी पुष्कळदा वाचत नाही. म्हणून मोंटानात नियम आहे : नदीचं पाणी सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण २३ सेल्सियसला पोचलं, तर दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवता येते. या नियमाला तिकडे 'हूट आउल' म्हणतात. हे नाव लाकूडतोड्यांचं. कोरड्या दिवसांत ठिणगी उडून वणवा लागू नये म्हणून ते पहाटे काम उरकायचे, तेव्हा जंगलात घुबडं घुमत असायची. वणव्याच्या भीतीतून आलेला शब्द असा नदीवर जाऊन बसला.

२०१७ चा उन्हाळा मोंटानाला फार जड गेला. मिझूलाच्या दक्षिणेला लोलो पीकची आग जुलैच्या मध्यात लागली. २४ जुलैला वीज पडून ईशान्येला सीली लेकजवळ राइस रिजची आग सुरू झाली आणि ती वाढत वाढत १,६०,००० एकरांवर गेली. ३१ ऑगस्टला ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातली स्पेरी शॅले ही शंभर वर्षं जुनी दगडी धर्मशाळा जळाली. सीली लेक हे छोटंसं गाव डोंगरांच्या बशीत वसलंय. तिथे धूर आठवडेच्या आठवडे तुंबून राहिला, इतका की आरोग्य खात्याने लोकांना गाव सोडून जायचा सल्ला दिला. पुढे मोंटाना विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या रहिवाशांच्या फुप्फुसांची तपासणी केली, तेव्हा वर्ष उलटल्यावरही अनेकांची क्षमता घटलेली आढळली. म्हणजे धूर गेला असं आपण म्हणतो, तो सगळाच जात नाही.

सप्टेंबरच्या मध्यावर थंडी आली, पाऊस आला, डोंगरमाथ्यांवर बर्फ पडलं आणि आगी निवल्या. नदीवरचे निर्बंध उठले. टेस्टर म्हणाला, "बाबांकडे होडी रिकामी पडून आहे. येतोस?" ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही पोचलो. सिएटलहून साडेसातशे-पावणेआठशे किलोमीटर. वाटेत चिवडा खाऊन मी त्याची अर्धी पिशवी संपवली, कारण दिवाळी दहा-बारा दिवसांवर होती आणि चिवडा घरून आलेला होता.

नदीचं नाव ब्लॅकफूट. इंग्रजी सिनेमे बघणाऱ्यांना ती नॉर्मन मॅक्लीनच्या 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' मुळे माहीत असेल. पुस्तक १९७६ चं, रॉबर्ट रेडफोर्डचा सिनेमा १९९२ चा. गंमत म्हणजे सिनेमातली नदी बहुतांशी ही नाहीच, दुसऱ्याच नद्यांवर चित्रण झालं, कारण त्या काळात ब्लॅकफूटची तब्येत खाणींमुळे बिघडलेली होती. या मॅक्लीनचं दुसरं गाजलेलं पुस्तक वणव्यावर आहे, १९४९ साली मान गल्चच्या आगीत गेलेल्या १३ जवानांवर. एकाच माणसाने नदीवरही लिहावं आणि आगीवरही, हे मला आधी योगायोगाचं वाटलं होतं. तिथे गेल्यावर वाटेनासं झालं.

सकाळी नदीवर गेल्यागेल्या काकांनी रॉड काढला नाही. खिशातून दोरी बांधलेला थर्मामीटर काढून पाण्यात सोडला, मिनिटभर थांबले, वाचला आणि वहीत लिहिलं. नऊ अंश सेल्सियस. मग आम्हाला गाडीत घालून नदीच्या वरच्या अंगाला नेलं. एका जळलेल्या डोंगरातून आलेला ओढा जिथे नदीला मिळतो, ती जागा दाखवली. नदीचं पाणी काचेसारखं आणि ओढ्याचं पाणी दूध घालायला विसरलेल्या चहासारखं. दोन्ही पाणी बरंच अंतर शेजारी शेजारी वाहत होतं, मधली रेघ स्पष्ट दिसत होती. काठाच्या दगडांवर राखेची काळी किनार, बशीला चहाचा डाग राहतो तशी.

काकांनी समजावलं ते असं. जंगल जळताना पालापाचोळ्यातला मेणचट अंश वाफ होऊन मातीत उतरतो आणि तिथे थिजतो. मग पाऊस पडला की पाणी मुरत नाही, राख आणि माती घेऊन सरळ ओढ्यात उतरतं. जोराचा पाऊस झाला तर अख्खा डोंगर घसरून चिखलाचा लोंढा येतो आणि लहान ओढ्यातले मासे गुदमरतात. काठची झाडं गेली की सावली गेली, म्हणजे पुढची कित्येक वर्षं तो ओढा उन्हाळ्यात जास्त तापणार. आग विझवायला विमानातून टाकतात ते लाल औषधही माशांना विषारी, म्हणून वनखात्याचा नियम आहे की पाण्यापासून ३०० फुटांच्या आत ते टाकायचं नाही.

एवढं ऐकून मी विचारलं, "म्हणजे नदी गेली का?" काका म्हणाले, "नाही. मोठी नदी पचवते. छोट्या ओढ्यांचं सांगता येत नाही."

त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी मला अगदी उलट्या वाटल्या होत्या, म्हणून नंतर मी त्या शोधून वाचल्या. एक म्हणजे धूर नदीला थंड करतो. दाट धुरामुळे ऊन पाण्यापर्यंत कमी पोचतं. कॅलिफोर्नियात क्लॅमथ नदीच्या खोऱ्यातल्या मोजमापांवरून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धुराच्या दिवसांत पाणी सरासरी एक अंशापेक्षा थोडं जास्तच थंड झालेलं आढळलं. माणसाच्या छातीला जो धूर बाधतो, तोच माशाच्या डोक्यावर छत्री धरतो. दुसरी गोष्ट म्हणजे जळालेली झाडं पुढे वर्षानुवर्षं उन्मळून पाण्यात पडत राहतात. त्यांच्यामागे डोह तयार होतात, खडी साठते, लपायला जागा होते. १९८८ साली यलोस्टोनचं जंगल मोठ्या प्रमाणावर जळालं, तिथल्या मोठ्या नद्यांमधले ट्राउट टिकून राहिले. हे मासे आगीबरोबरच हजारो वर्षं राहत आलेत. त्यांची अडचण एवढीच, की हल्ली आग एकटी येत नाही. तिच्यासोबत तापलेलं पाणी येतं, आटलेला प्रवाह येतो आणि आमच्यासारखे हौशी लोक येतात.

आता फ्लाय फिशिंगबद्दल थोडं. आपल्याकडे गळ टाकतात तेव्हा शिशाचं वजन पुढे जातं आणि दोरी त्याच्यामागे. इथे उलटं आहे. टोकाला असतो आकड्याला पिसं आणि केस गुंडाळून बनवलेला खोटा किडा, त्याला वजनच नाही. वजन दोरीला. ती दोरी डोक्यावरून मागे-पुढे खेळवून हवेत सरळ करायची आणि तिच्या जोरावर किडा अलगद पाण्यावर उतरवायचा. किडा असा वाहला पाहिजे की त्याला धागा बांधलेला आहे हे पाण्यालासुद्धा कळू नये. ऐकायला सोपं आहे. पहिल्या तासाभरात मी स्वतःची टोपी धरली, काकांची बाही धरली आणि एक झुडूप तीनदा धरलं.

शरद ऋतूत नदी उतरलेली असते, पाणी नितळ आणि मासे बुजरे. उन्हाळाभर वरून गेलेली प्रत्येक होडी त्यांनी पाहिलेली. म्हणून धागा लांब आणि केसासारखा बारीक लागतो. त्या दिवसांत दोन किडे महत्त्वाचे. एक शेंगदाण्याएवढा नारिंगी, त्याला ऑक्टोबर कॅडिसच म्हणतात. दुसरा तांदळाच्या दाण्याएवढा राखी, ब्लू विंग्ड ऑलिव्ह. हा ढगाळ दुपारी निघतो. आणखी एक सूचना मिळाली होती : स्वच्छ खडीचा उजळ पट्टा दिसला तर त्यावर पाय द्यायचा नाही. ब्राउन ट्राउट त्याच दिवसांत खडी उकरून अंडी घालतात.

आणि शेवटची सूचना, जी काकांनी होडीत बसताना दोनदा दिली. मासा पाण्यातच ठेवून आकडा काढायचा. फोटो हवाच असेल तर हात ओले करायचे, मासा उचलायचा आणि उचलताक्षणी आपला श्वास रोखायचा. आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात.

दुपारी ढग आले. काठच्या कॉटनवुडची पानं पिवळी झाली होती, वरच्या उतारावर काळ्या खोडांच्या रांगा. एका वळणावर खळाळ संपून डोह सुरू होतो तिथे बारीक राखी किडे निघाले आणि पाण्यावर वर्तुळं उमटू लागली. काकांनी मला उथळात उभं केलं आणि ते होडी बांधायला, टेस्टर जेवणाचे डबे काढायला खाली गेले. चौथ्या की पाचव्या फेकीला माझा किडा नाहीसा झाला. रॉड वाकला.

तो मासा मी किती वेळ खेळवला मला माहीत नाही. नंतर टेस्टर म्हणाला दहा मिनिटं तरी. सरावलेला माणूस दोन मिनिटांत घेतो. धागा तुटेल या भीतीने मी त्याला ओढतच नव्हतो, नुसता दमवत होतो. शेवटी तो आडवा होऊन काठाला आला. कटथ्रोट, मोंटानाचा राज्यमासा. सोनेरी अंगावर शेपटीकडे दाट होत गेलेले काळे ठिपके आणि जबड्याखाली दोन तांबड्या रेघा, कुंकवाचं बोट ओढल्यासारख्या. माझे हातमोजे लोकरीचे होते. मी ते काढले नाहीत. टेस्टरला हाक मारली, तो फोन घेऊन धावत आला. पहिला फोटो हलला. दुसऱ्यात माझे डोळे मिटलेले. मी म्हटलं अजून एक. तिसऱ्यात मासा हातातून खडीवर निसटला, तो पुन्हा उचलला. चौथा चांगला आला. तोच ग्रुपवर आहे.

श्वास मी त्या वेळात पाच-पंचवीस वेळा तरी घेतला असेल.

पाण्यात सोडला तेव्हा तो कलंडला. काका आले, त्यांनी काही विचारलं नाही. थंड पाण्यात गुडघ्यावर बसले, मासा तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांत हलकेच धरला. कल्ले उघडत होते, मग सावकाश उघडू लागले. बराच वेळ ते तसेच बसून होते. त्यांची बोटं लाल झाली होती. मी बाजूला उभा राहून मनात म्हणत होतो, हल बाबा, हल. तो हलला नाही. ब्लॅकफूटमध्ये कटथ्रोट ठेवून घ्यायची परवानगी नाही, मेलेलाही नाही. काकांनी तो खोल पाण्यात जाऊ दिला, विजारीला हात पुसले आणि म्हणाले, "दाखव फोटो." मी दाखवला. "चांगला आलाय," म्हणाले. ते टोमणा मारणारे नव्हते, खरोखरच फोटो पाहून म्हणाले. त्यामुळे जास्त लागलं.

हा माणूस उन्हाळाभर दुपारी दोन वाजता होडी बाहेर काढत होता. जिथे निर्बंध नव्हते तिथेही थर्मामीटर बघून गिऱ्हाइकाला परत पाठवत होता, पैसे बुडवून. जो मासा तापलेल्या पाण्यातून, धुरातून, राखेच्या लोंढ्यातून ऑक्टोबरपर्यंत आला, तो नऊ-दहा अंशांच्या उत्तम पाण्यात माझ्या हातून गेला.

संध्याकाळी मोटेलमधून मी फोटो घरी पाठवला. तिकडे सकाळ होती. कौतुकाचा पाऊस पडला. मग आज्जाचा आवाज आला, ताईने रेकॉर्ड करून पाठवलेला. आज्जा तरुणपणी मार्कंडेय नदीवर बांबूच्या काठीने मासे धरायचा. धरलेला मासा घरी आणून रश्शात घालायचा, त्यापलीकडे माशाचा दुसरा उपयोग त्याला ठाऊक नव्हता. त्याने विचारलं, "खाल्लास की न्हाई रे?" मी लिहिलं, नाही, सोडला. पळाला. थोड्या वेळाने दुसरा निरोप आला, "सोडायचा हुता तर धरलास कशाला?"

याला मी हसण्याची खूण पाठवली. आज्जा दोन वर्षांनी गेला.

नंतर पश्चात्तापापोटी वाचन वाढलं. १९९२ साली कॅनडातल्या दोन संशोधकांनी दमवलेल्या रेनबो ट्राउटवर प्रयोग केला होता. दमवून लगेच पाण्यात राहिलेल्यांपैकी १२ टक्के मेले, ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी ७२ टक्के. प्रयोगशाळेतले आकडे नदीला जसेच्या तसे लागत नाहीत, पुढच्या अभ्यासांत मरणाचं प्रमाण बरंच कमी आलं. पण मला माझा आकडा आठवत होता, चार फोटोंचा.

मासेमारी मी सोडली नाही. सोडली असती तर हा लेख जास्त शोभला असता. परत आल्यावर एक रॉड घेतला, वर्षातून दोन-तीनदा कुठेतरी जातो. आकड्याचा उलटा काटा पक्कडने दाबून टाकतो, धागा जाड वापरतो, फोटो पाण्यात ठेवूनच काढतो, म्हणजे बहुतेक वेळा काढतच नाही. खिशात थर्मामीटर असतो. आज्जाच्या प्रश्नाला अजून माझ्याकडे उत्तर नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये गोव्याला जाताना चोर्ला घाटात गाडीची काच खाली केली आणि तोच वास आला. म्हादई अभयारण्यात ठिकठिकाणी आगी लागल्या होत्या, नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत होती. म्हादई उगम पावते ती आपल्या खानापूर तालुक्यात. पाण्यावरून आपण इतकी वर्षं भांडतोय, पण ज्या रानातून ते पाणी येतं ते पेटलं तेव्हा मी एसी चालू करून पुढे गेलो. परतताना मात्र एका ओढ्यावर थांबलो. मार्चचं पाणी, घोट्याएवढं. थर्मामीटर टाकला तर २६ अंश. इथल्या माशांना ते चालतं, आपले मासे वेगळे. तरी वहीत लिहून ठेवलं.

काका आता कमी काम करतात. गेल्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी टेस्टरकडून एक फोटो पाठवला. तोच ओढा, तेव्हाचा चहाच्या रंगाचा. दोन जळकी खोडं आडवी पडलीत, त्यांच्यामागे हिरवट डोह झालाय. त्यात मासा कुठेच दिसत नाही, पण खाली त्यांनी लिहिलं होतं, बोटाएवढे कटथ्रोट आहेत, मी पाण्यात हात घातला नाही.

भाच्याला अजून उत्तर दिलेलं नाही. लेख प्रसिद्ध झाला की लिंक ग्रुपवर टाकीन. येत्या रविवारी तो मार्कंडेयवर चल म्हणतोय. त्याला म्हटलंय, आधी थर्मामीटर घेऊन जाऊ, रॉड पुढच्या वेळी.